तिसऱ्या मजल्यावरचं ध्यान

ध्यानाला बसलेल्या माणसाचा एक मोठा फायदा असतो. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते बाहेर कळत नाही. मांडी घातलेली, पाठ ताठ, डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर नुकतंच घराचं कर्ज फिटल्यासारखा भाव, एवढं जमलं की बघणारा पायांचा आवाज न करता निघून जातो. आत त्या वेळी आमटीला फोडणी कशाची द्यायची, भाचीच्या लग्नात पाकिटात किती घालायचे आणि सासूबाई वीस वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला नेमकं काय म्हणाल्या होत्या, हे तिन्ही विषय एकदम चालू असले तरी कुणी हरकत घेत नाही. मी स्वतः असं ध्यान अनेक वर्षं केलं आणि एकदाही पकडली गेले नाही.

बासरीने ही सोय काढून घेतली. बासरी ओठांना लावायची, सा धरायचा, श्वास संपेपर्यंत तो हलू द्यायचा नाही, मग नवा श्वास घेऊन पुन्हा तोच धरायचा, एवढंच हे ध्यान. पण मधेच फोडणी आठवली की सा थरथरतो. भाचीचं लग्न आठवलं की तो खाली बसतो. सासूबाई आठवल्या तर थेट वरच्या सप्तकात जाऊन किंचाळतो. आणि हे सगळं आमच्या इमारतीच्या डक्टमधून तळमजल्यावरच्या वॉचमनपर्यंत पोचतं. माझं मन दिवसातून किती वेळा आणि साधारण किती लांब भरकटतं, हे आता ठाण्यातल्या एका अख्ख्या सोसायटीला माहीत आहे.

याला कारण डॉक्टर. माझा रक्तदाब वरच्या पट्टीत गेला तेव्हा त्यांनी मीठ कमी करायला आणि ध्यान वाढवायला सांगितलं. मीठ माझ्याबरोबर घरातल्या सगळ्यांचंच कमी झालं, त्याबद्दल अजून बोलणी खाते आहे. ध्यानासाठी मुलीने फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यातली बाई अतिशय हळुवार इंग्रजीत सगळ्या काळज्या सोडून द्यायला सांगते आणि लगेच वर्षाची वर्गणी भरायची आठवण करून देते. ते बंद केल्यावर योगवर्गातल्या एकीने सुचवलं, ‘अगं, बासरी घे. आपोआप ध्यान लागतं. आणि अगदी साधं वाद्य आहे.’

साधं वाद्य म्हणजे ज्यात वाद्य जवळजवळ नसतंच. सतारीला तारा आहेत, खुंट्या आहेत, पडदे आहेत. पेटीला भाता आणि पट्ट्या आहेत. तबल्याला शाई, वादी, गठ्ठे आहेत. बासरी हा एक पोकळ बांबू. एका टोकाजवळ फुंकायचं भोक, पुढे बोटांची सहा, आणि फुंकायच्या भोकापलीकडे आत एक बूच. बिघडण्यासारखं त्यात काही नाही. त्यामुळे बिघाड असलाच तर तो तुमच्यात आहे, हे पहिल्याच दिवशी ठरून जातं. पेटीची पट्टी कुणीही दाबावी, पेटी वाजते. तबल्यावर थाप मारली की काही ना काही निघतंच. बासरीत फुंक मारली की फुंक ऐकू येते.

जत्रेत बासरी घेतलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे माहीत आहे. उंच काठीला चहूबाजूंनी बासऱ्या खोचलेला तो फेरीवाला गर्दीतून येता येता मागाल ते गाणं वाजवत असतो. पोरं हट्ट करतात, बाप पैसे काढतो, फेरीवाला तीच बासरी पोराच्या हातात देतो. घरी येईपर्यंत तिच्यातलं गाणं गेलेलं असतं. मग घरोघर एकच निदान होतं, ‘त्याने बदलून दिली.’ वास्तविक त्या बासरीने तोपर्यंत देशाची अर्धी सफर केलेली असते. लांब पेऱ्याचा, पातळ सालीचा बांबू आसामातल्या सिलचर भागातून उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतला येतो. तिथे पिढ्यानपिढ्या बासऱ्या करणारी घरं आहेत. ती माणसं तापवलेल्या सळईने त्याला भोकं पाडतात, आणि मग तो आपल्या गावच्या जत्रेत पोचतो. एवढ्या लांबून आलेला पाहुणा आपल्याकडे येऊन गप्प बसतो याचं वाईट वाटतं. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, ही सवलत बांबूला लागू नाही. त्याने पुढे माळ्यावरची जळमटं काढतात.

मी मात्र रीतसर वर्ग लावला. नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर सर शिकवतात. त्यांनी माझी बोटं बघितली आणि मान हलवली. मैफलीत लोक वाजवतात ती पांढरी तीनची मोठी बासरी माझ्या हाताला पुरणार नव्हती, म्हणून पांढरी पाचची, दोन फुटांच्या आतबाहेरची दिली. मग म्हणाले, ‘ही आज घरी नेऊ नका. आधी पाण्याची रिकामी बाटली वाजवा.’ बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंक मारली की ती घुमते, तेच तत्त्व बासरीचं. ओठांतून निघालेली हवेची पातळ पट्टी भोकाच्या पलीकडच्या कडेवर आपटते आणि एकदा आत, एकदा बाहेर अशी डोलायला लागते. माझ्या बासरीचा सा हवा असेल तर तिने सेकंदाला जवळजवळ चारशे वेळा हे आतबाहेर करायचं असतं. हवा करते, तिला जमतं. अडचण एवढीच, की ती पट्टी कडेवर नेमकी पडायला हवी. बासरी एका केसाने पुढे फिरली तर आवाज फाटतो, मागे फिरली तर जातोच. ओठ फार आवळले तर शीळ, फार सैल सोडले तर नुसता वारा. आणि हे ओठ आपल्याला दिसत नाहीत, म्हणून सर आरशासमोर उभं करतात. पन्नाशीनंतर स्वतःचा चंबू केलेला चेहरा रोज अर्धा तास जवळून बघणं, हे वैराग्य यायला उत्तम साधन आहे. ध्यानाचा तो भाग माझा पहिल्या आठवड्यातच पूर्ण झाला.

वर्गात आम्ही पाचसहा जण. एक निवृत्त बँक मॅनेजर, एक आयटीतला मुलगा, एक बालवाडीच्या बाई, एक वकील, आणि एक गृहस्थ जे काय करतात ते अजून कळलेलं नाही, पण प्रत्येक वेळी नवी बासरी घेऊन येतात. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, ‘बासरी कशासाठी शिकायची आहे?’ सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, मनःशांतीसाठी. मॅनेजर तर म्हणाले, ‘ओंकाराच्या जवळ जाणारा नाद आहे हा.’ सर उठून आत चहा सांगायला गेले तेवढ्यात पाचही जण दबक्या आवाजात जी धून काढायला लागले ती ‘हीरो’ सिनेमातली होती. १९८३ सालचा सिनेमा. पडद्यावर जॅकी श्रॉफ होता, पण बासरी हरिप्रसाद चौरसियांची होती. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने बासरी हातात घेतली की तो कितीही आध्यात्मिक असो, आधी हीच धून शोधतो. सरांना हे माहीत असावं. ते चहा सांगायला गेले की बराच वेळ येत नाहीत.

परत आले की मात्र सा. फक्त सा. वरची तीन भोकं बंद, खालची तीन उघडी, आणि लांब श्वास. आयटीतल्या मुलाने फोनवर तानपुरा लावला, दुसऱ्या फोनवर सूर मोजणारं ॲप लावलं. त्यात काटा बरोबर मध्यावर आला की हिरवा दिवा लागतो. पोरगं सगळा तास त्या दिव्याकडे बघून वाजवत होतं. सरांनी शांतपणे फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, ‘ऑफिसात हेच करता ना दिवसभर?’ बालवाडीच्या बाईंना सूर सगळ्यांच्या आधी लागला. लहान मुलांच्या खरचटलेल्या गुडघ्यांवर इतकी वर्षं फुंकर घातल्याचा हा परिणाम, असं वकिलांचं म्हणणं. त्यांचा स्वतःचा सूर अजून तारखांवर तारखा घेतो आहे.

नव्या माणसाला बासरी वाजवताना चक्कर येते. वर्गात पहिल्यांदा ती मॅनेजरांना आली. खुर्चीला धरून बसले आणि डोळे मोठे करून म्हणाले, ‘आत्ता काहीतरी झालं. सगळं हलकं हलकं वाटलं. प्रकाश दिसला.’ आम्ही आदराने बघायला लागलो. सर म्हणाले, ‘कर्बवायू कमी झाला. पाणी प्या.’ आवाज काढण्याच्या नादात आपण जरुरीपेक्षा कितीतरी जास्त हवा आतबाहेर करतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि डोकं गरगरतं. फुंक बारीक झाली की आपोआप थांबतं. मॅनेजर पाणी प्यायले, पण त्यांचा चेहरा उतरला. समाधीच्या उंबरठ्यावरून परत बोलावलेल्या माणसाचं दुःख सरांना कळणार नाही, असं ते मला जिन्यात म्हणाले.

सराव घरी करायचा, आणि खरी साधना तिथेच आहे. माझं तोंड बासरीला लागलं की घरात कुणालाही टॉवेल सापडत नाही. एरवी जो दाराच्या मागे असतो तो नाहीसा होतो. ‘अगं, माझा चष्मा?’ ‘आई, चार्जर?’ ‘गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहिलाय?’ आजवरच्या संसारात या प्रश्नांना मी तत्काळ उत्तरं दिली. आता तोंडात सा असतो. उत्तर द्यायचं तर सा सोडावा लागतो, आणि इतक्या मुश्किलीने सापडलेला सा चार्जरसाठी कोण सोडेल? मी भुवयांनी दाराकडे खूण करते. सुरुवातीला याचा फार राग आला सगळ्यांना. मग एके दिवशी आमच्या यांना चष्मा स्वतःच्या कपाळावर सापडला आणि घरात एक नवं युग सुरू झालं. बासरीचं ध्यान म्हणून जे म्हणतात त्यातला अर्धा गुण मला वाटतं केवळ तोंड अडकून राहण्याचा आहे. मौनव्रत घेतलं तर लोक वही आणून देतात, लिहून सांग म्हणतात. बासरी धरायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे तीही वाट बंद.

आपल्या गवळणींमध्ये एक तक्रार फार जुनी आहे. मुरलीचा आवाज आला की बायकांची कामं बिघडतात, घागर राहते, दूध राहते, चित्त थाऱ्यावर राहत नाही. त्यात कामाची वाटणी बरी होती, वाजवणारा एक आणि दूध उतू जाऊ देणाऱ्या दुसऱ्या. आमच्या घरी दोन्ही खाती माझ्याकडेच आहेत. आणि कृष्णाची एकही मूर्ती सराव करतानाची नाही, हे कुणाच्या लक्षात आलंय का? एक पाय आडवा टाकून, मान कलती करून जो उभा आहे तो थेट मैफलीतच. पहिले सहा महिने नुसता सा काढणारा, चक्कर येऊन कदंबाला टेकलेला कृष्ण कुठल्याही मूर्तिकाराने घडवला नाही. यशोदेकडे माती खाल्ल्याच्या आणि लोणी चोरल्याच्या तक्रारी आल्या, सरावाच्या आवाजाची एकही नाही. देव असल्याचा याहून मोठा पुरावा मला तरी लागत नाही.

माणसांचं वेगळं. बासरीला मैफलीच्या बैठकीवर मानाने बसवलं ते पन्नालाल घोषांनी. त्यांच्या आधी ती गुराख्यांची, जत्रेची, फार तर साथीची. ख्यालाचा गंभीर विस्तार तिच्यात मावावा म्हणून त्यांनी बांबू लांब केला, भोकं मोठी केली. हे गृहस्थ तरुणपणी मुष्टियुद्ध खेळणारे. हरिप्रसाद चौरसिया १९३८ साली अलाहाबादला जन्मले ते पैलवानाच्या घरी. वडिलांची इच्छा मुलाने आखाड्यात उतरावं, म्हणून संगीत चोरून शिकावं लागलं. पुढे अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा, आपण खरोखर पहिल्यापासून सुरुवात करायला तयार आहोत हे पटवण्यासाठी त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडे केली. आकाशवाणीत नोकरी केलेला, सिनेमात नाव कमावलेला माणूस! ज्या वाद्याचा दम आखाड्यातून आला आणि ज्याच्यासाठी माणसं दोन्ही हातांची जन्माची सवय मोडतात, ते आता ‘ताणमुक्तीसाठी, वयाची अट नाही’ असं म्हणून शनिवार-रविवारी शिकवलं जातं. रात्री झोप यावी म्हणून लोक आठ आठ तासांची बासरी फोनवर लावतात. ती वाजवणाऱ्याला त्या वेळी झोपून चालत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

बासरीचं आणि साधनेचं नातं आपल्याच मक्त्याचं आहे अशी माझी समजूत होती. तसं नाही. तेराव्या शतकातल्या जलालुद्दीन रूमीची ‘मसनवी’ सुरू होते तीच बासरीच्या विलापाने. मला बोरूच्या बनातून तोडून आणलं म्हणून ती रडते आहे, असा तो प्रसंग. ते वाचल्यापासून मी माझ्या बासरीकडे नीट लक्ष देते आहे. ती तोडल्याबद्दल रडत नाही. माझ्याकडे आल्याबद्दल रडते.

पण सगळ्यांवर ताण केली ती जपानी भिक्षूंनी. शाकुहाची नावाची त्यांची उभी बासरी, जाड बांबूच्या बुडख्याची, साधारण चोपन्न सेंटिमीटर लांब, पुढे चार भोकं आणि मागे एक. झेन पंथातल्या फुके शाखेच्या भिक्षूंनी बसून डोळे मिटायच्या ऐवजी हीच फुंकणं हे आपलं ध्यान ठरवलं. एका श्वासात एक सूर, तो विरेपर्यंत ऐकायचा, मग पुढचा. करमणूक नाही, गाणं नाही, टाळ्या नाहीत. त्यांच्यात म्हण आहे की या बासरीवर नुसती मान हलवायला शिकायला तीन वर्षं लागतात. मी हे आमच्या मॅनेजरांना सांगितलं तर म्हणाले, ‘मान तर मी पहिल्या दिवसापासून हलवतोय.’ आणि हे भिक्षू गावोगाव फिरताना डोक्यावर गवताची मोठी टोपली उपडी घालत. खांद्यापर्यंत येणारी, समोर बघायला तेवढी जाळी. अहंकार झाकावा, वाजवणारा कोण ते कळू नये, हा त्यामागचा विचार. अर्थात टोपलीखाली कोण आहे हे दिसत नाही म्हटल्यावर हेर आणि नोकरी गेलेले सामुराईही तीत शिरले, अशी वदंता आहे, आणि १८७१ साली तिथल्या नव्या सरकारने हा पंथच बंद केला. टोपलीचा विचार मात्र मला थोर वाटतो. ज्याने ती प्रथम घातली त्याने ती आध्यात्मिक कारणाने घातली असेल यावर माझा विश्वास नाही. तो नक्की कुठल्या तरी सोसायटीत राहत होता आणि त्याला रोज सकाळी जिन्यात शेजारी भेटत होते.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत माझा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ यात आला. पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्या मध्ये. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ फोनवर ध्वनी मोजून आले होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५, एवढी मर्यादा आहे, असं त्यांनी वाचून दाखवलं. माझा सा मर्यादेत निघाला. ‘पण प्रश्न आवाजाचा नाही,’ ते म्हणाले, ‘प्रश्न असा आहे की तो कधीही थांबू शकतो. आपण वाट बघत राहतो.’ हे ऐकून मी चमकले. सगळ्या सभेत माझ्या साधनेचं इतकं बारकाईने कुणी चिंतन केलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, मला आवडतं, मी त्यावर माळ ओढते, तिचा सूर तुटला की माझा एक मणी. तळमजल्यावरच्यांनी उपाय सुचवला की बाईंनी पुढचे स्वर तरी घ्यावेत, निदान रे. त्यावर हात वर करून मतदान झालं आणि मला रे घ्यायला बहुमताने मान्यता मिळाली. इतिवृत्तात तशी नोंद आहे.

रे, ग, प, ध मिळाले की भूप होतो. बासरीवाले नव्या माणसाला बहुधा भूपच देतात. त्याला शास्त्रीय कारणं आहेत, पण मला कळलेलं कारण हे, की भूपात मध्यम नाही. सहा भोकांच्या बासरीवर सगळी बोटं उचलली की तीव्र मध्यम येतो, शुद्ध हवा असेल तर वरचं एक भोक अर्धंच झाकायचं असतं. अर्धं म्हणजे किती, हे प्रत्येक बोट आपापलं ठरवतं. खालचा पंचम त्याहून अवघड. सहाच्या सहा भोकं बोटांच्या गादीने पूर्ण बंद व्हायला हवीत. अनामिकेखालून जराशी हवा निसटली तरी पंचमाऐवजी मांजर येतं. एका बाजूला अनामिका, ती आयुष्यभर अंगठी घालण्यापलीकडे काहीही न केलेली, आणि दुसऱ्या बाजूला ‘मन शून्य करा’ म्हणणारे सर. मन शून्य केलं तर अनामिका उठते. अनामिकेवर लक्ष ठेवलं तर मन भरलेलं राहतं. पण गंमत अशी की अनामिकेने भरलेल्या मनात दुसरं काही मावत नाही. ना पाकीट, ना सासूबाई. ध्यानाबद्दल पुष्कळ मोठमोठं बोललं जातं. माझ्या अनुभवाप्रमाणे मन रिकामं होत नाही, त्याला एका बोटाच्या कामाला लावता येतं, आणि तेवढ्यावर ते बरंच गप्प बसतं.

आता आमच्या यांच्याविषयी. हे घोरतात. हा काही गौप्यस्फोट नाही, वरची सभा या विषयावरही होऊ शकली असती. मी कुठेतरी वाचलं की २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्या २५ माणसांपैकी काहींना त्यांनी चार महिने डिजेरीडू वाजवायला लावलं. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं ते लांबलचक लाकडी भोंग्याचं वाद्य. घशाचे स्नायू कसले गेले, माणसं दिवसा कमी पेंगायला लागली आणि मुख्य म्हणजे शेजारी झोपणाऱ्यांनीही बरं वाटल्याचं सांगितलं. २०१७ साली या मंडळींना इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. संसार केलेल्या कुणीतरी तो विभाग निवडला असणार. मी लगेच यांच्या हातात माझी जुनी प्लास्टिकच्या नळीची बासरी दिली. डिजेरीडू वेगळं आणि बासरी वेगळी, हे मला ठाऊक आहे. वाजवता वाजवता नाकाने श्वास घेण्याची जी कसरत त्यात आहे ती यात नाही, त्यामुळे बासरीने घोरणं थांबतं असं कुणीही समजू नये. यांचं थांबलेलं नाही. पण आता ते झोपेत पांढरी पाचमध्ये घोरतात, असं मला वाटतं.

माझा रक्तदाब खाली आला. डॉक्टर म्हणतात गोळीने, सर म्हणतात लांब श्वासाने, घरचे म्हणतात मिठाने. श्वास सोडायला वेळ लावला की जीव थंडावतो हे प्राणायामवाले केव्हापासून सांगत आलेत, आणि बासरीत श्वास सोडण्यापलीकडे दुसरं काही नसतंच, तेव्हा सरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नसावं. गोळी बंद करून खात्री करण्याइतकी माझी शास्त्रावर श्रद्धा नाही. मॅनेजरांना मात्र अजून प्रकाश दिसलेला नाही. फुंक बारीक झाल्यापासून चक्करही येत नाही, त्यामुळे ते थोडे खट्टू आहेत. वकील वर्ग सोडून गेले. आयटीतल्या मुलाला ‘हीरो’ची धून बिनचूक यायला लागली आणि सरांनी चहा सांगायला आत जाणं बंद केलं.

कुणाला या वाटेने यायचं असेल तर चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. फेरीवाल्याच्या वाजवण्यावर भुलून बासरी घेऊ नका, माहीतगाराकडून सुरात लावलेली घ्या. हात लहान असेल तर पांढरी तीनच्या रुबाबाच्या नादी लागू नका. आतून अधूनमधून मोहरीच्या तेलाचा हात फिरवा, एसीच्या वाऱ्यात ठेवू नका, बांबू तडकतो. दुपारी दोन ते चार वाजवू नका, त्या वेळात मराठी माणूस कुठलंच संगीत माफ करत नाही.

आणि ज्यांना वाजवायची नाही, पण ज्यांच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी वाजवतंय, त्यांना एकच विनंती. तक्रार जरूर करा, तुमचा हक्कच आहे. सभेत करा, ग्रुपवर करा, ठराव मांडा. फक्त सा चालू असताना दाराची बेल वाजवू नका. दार उघडायला उठावं लागतं, आणि मग तो सा पुन्हा पहिल्यापासून शोधायचा असतो. त्यात तुमचाच अर्धा तास जातो.